आमची खडी, सरकारची सडक

बीडहून आष्टीकडे जाणारी सडक आमच्या गावाजवळ घाट चढते. तिला सगळे सरकारी सडक म्हणतात. माझ्यासमोर कुणी तसं म्हटलं की मी त्याला तिथंच थांबवते. मग तो पाहुणा असो, सोयरा असो, नाहीतर कचेरीतला कारकून असो. घरातली माणसं म्हणतात, आता जाऊ द्या, झालं ते झालं. त्यांना जाऊ द्यायला काय जातं? त्यातल्या एकानंही तिथली खडी फोडलेली नाही.

मी पाटलाच्या घरातली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं. वतन माझ्या नावावर लागलं, म्हणजे नावावर लागलं एवढंच. बाईनं चावडीवर बसायचं नाही, म्हणून गुमास्ते म्हणून माझे धाकटे दीर सगळं बघत. सारा तेच वसूल करत, तहसिलीत तेच जात, अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याची वैरण आणि त्याच्या पोटाची कोंबडीही तेच पुरवत. माणूस वाईट नव्हता, पण चपराशी दिसला तरी उठून उभा राहायचा.

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. गावाखाली सगळी काळी रानं, वर डोंगरात मुरूम. उन्हाळ्यात काळ्या रानातून गाडी कशीबशी जाई. पाऊस पडला की चाक आसापर्यंत रुतायचं, आणि घाटाच्या तोंडाशी नाला होता तो तर बैलांना गिळायचाच. पावसाळ्यात आम्ही बीडला तुटलेले आणि आष्टीलाही तुटलेले. आष्टीच्या पुढं इंग्रजांची हद्द, तिकडं नगरपर्यंत पक्की सडक. आमची माणसं तिकडं जाऊन आली की त्या सडकेचं वर्णन असं करत, जसं काही कुणाच्या लग्नात जेवून आलेत.

बीडचा एक बागवान दर हंगामाला आमच्या डोंगरातली सीताफळं घ्यायचा आणि गाड्या भरून नगरला न्यायचा. तिथून रेल्वेनं माल पुढं जाई. वयानं माझ्या वडिलांएवढा, मेंदी लावलेली दाढी, तोंडानं फटकळ. मी त्याला चाचा म्हणायची. एका वर्षी परतीचा पाऊस अवेळी कोसळला आणि त्याच्या साऱ्या गाड्या नाल्यात अडकल्या. गावानं बैल जोडून त्या मागं ओढून काढल्या, पण पुढं जायला वाट नव्हती. पाट्या माझ्या अंगणात उतरवल्या. दोन दिवसांत सगळं अंगण गोड आंबूस वासानं भरून गेलं. पोरं खाऊन कंटाळली, मग म्हशींना घातली.

चाचा ओट्यावर बसून ते बघत होता. मी म्हटलं, "चाचा, थोडे दिवस कळ काढली असती तर?"

"बाई, सीताफळ काय ज्वारी हाय का, पेवात घालून ठेवायला? आज डोळा उघडला की उद्या खावा, परवा फेका."

"सरकारला एवढी साधी सडक करता येत नाही?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सडक करायचा पैसा तर तुमीच देता की. सारा भरता तवा रुपयामागं एक आणा जादा जातो, तो कशाचा?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या नावानं तो आणा दर साल जात होता आणि मला ठाऊक नव्हतं.

"लोकलफंडाची पट्टी हाय ती," चाचा म्हणाला. "सडका, दवाखाने, मदरसे, ह्याच्यासाठी. तुमच्या मुलखातला पैसा तुमच्याच मुलखात लावायचा, असा कायदा हाय. बीडला कमिटी बसती त्याची. कुणाला मिळतो? जो मागतो त्याला. तुमी कधी मागितला?"

संध्याकाळी मी दिरांना विचारलं. ते दारातच उभे राहून म्हणाले, "वैनी, ते असंच असतंय. समदीच गावं भरतात."

"आणि सडक?"

"आपण कशापायी इचारायचं? इचारणाऱ्याच्या मागं सरकार लागतंय."

मला पहिला राग आला तो सरकारचा नाही, दिरांचा. त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि रुतलेल्या गाड्यांना खांदा लावताना हा माणूस एकदाही बोलला नव्हता.

दिवाळी झाल्यावर मी दमणी जुंपायला सांगितली आणि बीडला गेले. दीर आले नाहीत. चाचानं उर्दूत अर्ज लिहून ठेवला होता, कारण कचेरीत मराठी अर्जाला कुणी हात लावत नसे. जिल्ह्याचे तालुकदार साहेब, म्हणजे इंग्रजांकडं कलेक्टर असतो तसे, मोठे अदबशीर निघाले. मला खुर्ची दिली. मी पदर पुढं ओढून बसले, चाचा मागं उभा राहिला.

"बाईसाहेब, आपण स्वतः तकलीफ का घेतली? गुमास्त्याला पाठवायचं."

"गुमास्ता विचारत नाही, म्हणून मी आले."

ते हसले. अर्ज वाचला, दोनदा मान हलवली. मग म्हणाले, "कमिटीपुढं अर्ज पुष्कळ असतात. पण ज्या गावांनी खडी आपली आपण फोडून दिली, त्यांचा अर्ज आम्ही आधी घेतो. तुम्ही खडी द्या. मग खडी दाबायचा रूळ, मुकादम, मजूर, नाल्यावरची फरशी, सगळं फंडातून होईल."

"नक्की होईल?"

"आमची जबान आहे, बाईसाहेब."

परत येताना घाटाचे दगड बघत बघत आले. दगडाला आमच्याकडं काय तोटा?

सडकेवरच्या साऱ्या गावांतली माणसं मी आमच्या चावडीवर बोलावली, आणि त्या दिवशी मी स्वतः चावडीवर बसले. दीर खांबाला टेकून उभे, तोंड घाटाकडं. मी तालुकदार साहेबांचं बोलणं सांगितलं. माना डोलल्या. एक म्हातारा बाप्या म्हणाला, "चांगलं हाय की. वेशीबाहेरच्या वस्तीला सांगून टाका, लागतील कामाला."

वस्तीतली माणसं अंगणाच्या कडेला बसली होती. त्यांच्यातून एक म्हातारी उठली. रुंद कपाळाची, खणखणीत आवाजाची. म्हणाली, "पाटलीणबाई, एक इचारते, राग मानू नका. साहेब आला की त्याचं ओझं आमी वाह्यचं, तंबू आमी ठोकायचा, सांगावा आमी पोचवायचा, समदं फुकट. आता तुमच्या गाड्या चालाव्या म्हणून दगड बी आमीच फुकट फोडायचा का? आमच्या घरी तर गाडी बी न्हाई."

चावडी गरम झाली. दोघंतिघं तिच्यावर ओरडले. मी त्यांना गप्प बसवलं, कारण ती बोलली त्यात चुकीचं काय होतं? मी म्हटलं, प्रत्येक घरानं आपल्या वाट्याची खडी फोडायची. ज्याच्या दारात गाडी आहे त्याचा वाटा मोठा, ज्याच्या दारात नाही त्याचा लहान. पहिला ढीग पाटलाचा.

"आणि पाटलाच्या ढिगाला घण कोण मारणार?" तोच बाप्या म्हणाला. त्याला वाटलं, मी अडकले.

"मी मारणार."

संक्रांतीपासून आम्ही दगडाला भिडलो. मोठा धोंडा गडी फोडत, मग बायका हातोडीनं बारीक करत. पहिल्या आठवड्यात माझ्या हातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. ती म्हातारी माझ्या शेजारी बसायची. तिनं मला दगडाची शीर कशी ओळखायची ते दाखवलं आणि डोळ्यावर पदर कसा घ्यायचा म्हणजे ठिकरी उडून लागणार नाही, तेही दाखवलं. गावात कुजबुज झाली, पाटलीण कुणाच्या शेजारी बसते म्हणून. मी ऐकून घेतली नाही. उन्हानं तापलेल्या दगडाला हात लावायची ज्यांची छाती नव्हती, त्यांनी मला काय सांगायचं?

शिमग्याच्या सुमारास कमिटीचा ओवरसर आला. साखळी टाकून वाट मोजली, वळणावळणावर चुन्याची रेघ ओढली, लाल निशाणं रोवली. वाटेच्या दोन्ही अंगांना रचलेले ढीग त्यानं मापून घेतले. जाताना म्हणाला, अशी एकसारखी खडी शहरात पैसे मोजून मिळत नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी गूळ खाल्ला. सांगायला हरकत नाही, मला फार अभिमान वाटला होता.

पुढं चैत्र संपला, तरी रूळ येईना. मग एक दिवस चाचा भर उन्हात टांगा घेऊन आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "बाई, कमिटी बसली. सडक मंजूर झाली. पण तुमची न्हाई."

"म्हणजे?"

"तुमच्या गावाच्या अलीकडनं फोडली. जहागीरदाराच्या गावावरनं जाती आता."

डोंगराच्या त्या अंगाला एका जहागीरदाराचा बंगला होता. पुढच्या माळावर काळविटांचे कळप. औरंगाबादचे सुभेदार साहेब, तालुकदारांच्याही वरचे, तिथं शिकारीला येत, आणि त्या वर्षी त्यांनी नवीन मोटार घेतली होती. एका मोटारीला बंगल्यापर्यंत जाता यावं, म्हणून सडक वाकवली. त्या वाटेवर ना बाजार, ना घाटाला सोपी चढण, ना एका गाडीवानाचा फायदा. मधली वाट सगळी काळ्या रानातून. ज्यानं कधी पावसात बैल हाकलाय त्याला कळलं असतं की ही सडक टिकणार नाही. पण त्याला विचारतो कोण?

मी म्हटलं, "निदान खडी तरी आपली आपल्याजवळ आहे."

चाचा टांग्यात जाऊन बसला. त्याला ठाऊक असावं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी रिकाम्या गाड्यांची रांग आली. पुढं चपराशी, त्याच्या मागं मुकादम. मुकादमानं पहिल्या ढिगापाशी गाडी लावली आणि फावडी काढायला सांगितली. तो ढीग माझा होता.

मी घरातून धावत गेले. डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"कुठं नेता खडी?"

"लोकलफंडाच्या कामावर, बाई."

"कुठल्या कामावर?"

"जहागीरदार साहेबांच्या गावाच्या सडकेवर. ओवरसरनं मापून घेतली न्हवं? मापली म्हंजे सरकारजमा झाली."

"फोडली कुणी?"

"ते आमाला काय ठावं? हुकूम हाय."

मी ढिगावर चढून बसले. दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, "भर आता."

तोवर गाव गोळा झालं होतं. बायका एकेक करून आपापल्या ढिगावर जाऊन बसल्या. ती म्हातारी तर बैलांच्या पुढ्यात, वाटेच्या मधोमध मांडी घालून बसली आणि मुकादमाला म्हणाली, "हाक गाडी. बघू तुझा बैल शाना हाय का तू."

चपराशानं काठी उगारली. दीर धावत आले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मधे पडेल. ते माझ्यापाशी आले आणि माझा दंड धरून हळूच म्हणाले, "वैनी, उठा. सरकारी कामात आडवं येऊ नका. वतन जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. "हात सोडा भावजी."

त्यांनी हात सोडला, पण मान खाली घालून मुकादमाशेजारी जाऊन उभे राहिले. सारं गाव बघत होतं.

दुपार कलेपर्यंत आम्ही तशाच बसलो. उन्हानं गाडीवानच कावले. ते तरी कोण? शेजारच्या गावांचेच, वेठीला धरून आणलेले. त्यातल्या एकानं आपणहून बैल वळवले. मग दुसऱ्यानं. रिकाम्या गाड्या खडखडत गेल्या आणि आम्ही ओरडलो, हसलो, काही बायका रडल्या.

मी पुन्हा बीडला गेले. ह्या वेळी खुर्ची नव्हती. व्हरांड्यात बसवलं. आतून पानदानाचा आवाज येत होता, हसणं येत होतं. उन्हं उतरल्यावर बोलावलं.

"साहेब, तुम्ही जबान दिली होती."

तालुकदार साहेबांचा आवाज पहिल्याइतकाच मऊ होता. "जबान दिली ती अर्ज आधी घेण्याची. अर्ज आधीच घेतला, बाईसाहेब. सगळ्यांत पहिला. नामंजूर झाला."

कधीकधी वाटतं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. मी तिथं उभी, माझे हात अजून खरबरीत, आणि तो माणूस शब्द काट्यावर तोलत होता. मी म्हटलं, "साहेब, आमच्या मुलखातला पैसा एका मोटारीसाठी?"

"मंजुरी वरून आली आहे. आणि सरकारी गाड्या अडवल्याबद्दल तुमच्या गुमास्त्याला तहसिलीत जबाब द्यावा लागेल. आम्ही सबुरीनं घेतो आहोत, हे ध्यानात असू द्या."

बाहेर आले तर चाचा म्हणाला, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "आपली सडक आपण करायची."

त्यानं कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी दोन गाड्या घेऊन आला.

पाऊस तोंडावर आला होता, आणि मुकादम पुन्हा यायच्या आत खडी जमिनीत दाबायची होती. काळी माती खरवडून काढली, घाटातला मुरूम आणून अंथरला, वर खडी, खडीवर पाणी, पुन्हा मुरूम. रूळ नव्हता. गावाबाहेर चुन्याची जुनी घाणी पडलेली होती. तिचं दगडी चाक सुतारानं आसाला बसवलं, त्याला बैल जुंपले आणि ते खडीवरून फिरवलं. जिथं चाक पोचत नव्हतं तिथं धुमसानं ठोकलं. मी पाणी शिंपायला होते. लगतच्या गावांनी आपापला टप्पा केला. एका गावानं कुरकुर केली, त्यांचा टप्पा आजही खडबडीत आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

नाल्यावर फरशी घालणं आमच्या हातचं नव्हतं. तेवढं राहिलं. पण त्या पावसाळ्यात नाल्याला पाणी नसलं की गाडी घाट चढून जात होती. चाचाची सीताफळं त्या वर्षी डोळे मिटलेली नगरला पोचली.

आणि जहागीरदाराची सडक? पहिल्याच मोठ्या पावसात काळ्या रानात बसली. दसऱ्यानंतर सुभेदार साहेब शिकारीला आले, तर मोटार बंगल्याच्या अलीकडं रुतली. बैल लावून काढली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की घाटाच्या पायथ्याच्या गावावरून वाट चांगली आहे. एक दिवस ती मोटार आमच्या दारावरून धूळ उडवत गेली. कोंबड्या ओरडत छपरावर चढल्या. मला वाटलं, चला, आता तरी ह्यांना कळलं.

कळलं ते असं. महिन्याभरात चाचानं बातमी आणली की आमची सडक मंजूर झाली. पूर्ण सडक. माती, मुरूम, खडी, दबाई, सगळ्या कामाला पैसा मिळाला, आणि एका गुत्तेदाराला काम ठेक्यानं दिलं.

"कुठलं काम?" मी विचारलं. "काम तर झालंय."

"त्येच की," चाचा म्हणाला.

गुत्तेदार आला. त्यानं सडकेच्या कडेच्या दगडांना चुना फासला. खोटं सांगत नाही, एवढंच केलं. मग घाटाच्या माथ्यावर शामियाना पडला, कमानीला आंब्याचे टहाळे, गॅसबत्त्या दिवसाढवळ्या टांगलेल्या. सुभेदार साहेब, तालुकदार साहेब, जहागीरदार, सगळे आले. मला निमंत्रण होतं. बायकांसाठी बाजूला बांबूच्या चिकाचा पडदा लावला होता, त्याच्या मागं मी बसले. आमच्या वस्तीतली माणसं लांब उन्हात. तंबू त्यांनीच ठोकला होता.

तालुकदार साहेबांनी भाषण वाचलं. सरकारनं रयतेवर मेहरबानी केली, गुत्तेदारानं मेहनतीनं इतक्या थोड्या वेळात अवघड घाट पुरा केला. गुत्तेदाराच्या गळ्यात हार पडला. तो हात जोडून वाकला. त्याच्या बोटांत अंगठ्या होत्या.

मी चिक वर केला आणि बाहेर आले. सुभेदार साहेबांच्या समोर जाऊन म्हटलं, "हुजूर, ही सडक ह्या माणसानं केली नाही. ही आमच्या गावांनी केली. खडी आम्ही फोडली, मुरूम आम्ही टाकला. ह्यानं फक्त चुना लावलाय."

चाचा कुठूनसा पुढं आला आणि मी बोलले ते उर्दूत सांगू लागला, पण सुभेदारांनी हातानं थांबवलं. त्यांना मराठी कळत होतं. त्यांनी तालुकदारांकडं बघितलं.

तालुकदार साहेब जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "बाईसाहेबांचं बरोबर आहे. रयतेनं मदत केली. सरकार त्याबद्दल खूश आहे." आणि त्यांनी खूण केली. तबकातून एक शाल आली.

ती शाल माझ्या अंगावर घालायला चपराशी पुढं झाला. मी मागं सरले. म्हटलं, "मला शाल नको. कामाचा पैसा ह्याला मिळालाय ना? मग ज्यांनी काम केलं त्यांना मजुरी द्या. ती बघा, उन्हात बसलीत."

सुभेदार म्हणाले, "चौकशी करू." आणि उठले. पुलाव थंड होत होता.

चौकशी झाली, तेवढं मी कबूल करते. तहसिलीतून माणूस आला. तो मला भेटला नाही, म्हातारीला भेटला नाही. तो गुमास्त्याला भेटला, कारण कागदोपत्री गाव म्हणजे गुमास्ता. आणि माझ्या दिरांनी सही करून दिली, की गुत्तेदारानं गावाला मजुरी पोचती केली आहे आणि गावाची काही तक्रार नाही.

मला चाचाकडून कळलं. मी स्वयंपाकघरातून तशीच उठून सोप्यात गेले. दीर सुपारी कातरत होते.

"सही केलीत?"

अडकित्ता थांबला. "केली."

"मजुरी मिळाली? कुणाला? तुम्हाला?"

"देवाशपथ, मला छदाम मिळाला न्हाई, वैनी." त्यांचे डोळे भरले होते. "सही न्हाई केली तर वतन जप्त, असं तोंडावर सांगितलं तहसिलीत. वतन वाचवलं मी. तुमच्याच नावाचं वतन."

त्यांनी घेतलं असतं तर मी समजू शकले असते. फुकट विकला गेला तो माणूस. त्या दिवशी मी चूल वेगळी केली. गुमास्ता बदलावा म्हणून अर्ज केला, तो तहसिलीत पडून राहिला. मग मी स्वतःच वस्तीवर गेले आणि म्हातारीच्या दारात उभी राहिले. काय घडलं ते सांगितलं. ती शेणी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमाला ठावंच हुतं, बाई. तुमालाच नवं हाय हे."

पुढच्या उन्हाळ्यात नाल्यावर फरशी झाली. फंडातून झाली आणि खरोखर झाली, कारण मोटारीला नाला ओलांडायचा होता. त्या वेळी मी रोज कामावर जाऊन बसे. वस्तीतलं कुणी वेठीला धरलेलं दिसलं की गुत्तेदाराच्या माणसाला सगळ्यांसमोर विचारत असे, ह्याची मजुरी किती आणि कधी. पहिले काही दिवस ते मला टाळत. मग शनिवारी मजुरी वाटू लागले. माझ्या तोंडाला कंटाळून वाटली असेल, पण वाटली.

चाचाचं आणि माझं ह्याच सडकेवरून बिनसलं. एकदा तो ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, पुरं करा आता. सडक झाली ना? गाडी जाती ना? कुणी खाल्लं, कुणी हार घातला, गाडीच्या चाकाला काय फरक पडतो?"

"तुमच्या चाकाला पडत नसेल," मी म्हटलं.

तो दुखावला. म्हणाला, "मी बी धुमस मारलाय तिथं." खरंच मारला होता, त्या वयात. मी माफी मागायला हवी होती. पण मी रागात होते आणि तोही काही कमी नव्हता. दोन हंगाम तो आमच्या गावात उतरला नाही, गाड्या तशाच पुढं न्यायचा. नंतर बोलणं झालं, पण सडकेचा विषय आम्ही दोघंही काढत नसू.

दिरांशी मी वर्षानुवर्षं कामापुरतंच बोलले. मग त्यांना पोटाचं दुखणं लागलं. बीडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मी दमणी जुंपायला लावली. त्यांना आडवं झोपवलं, उशाशी मी बसले. श्रावणातली रिपरिप चालू होती. नाल्याला पाणी होतं, फरशीवरून घोट्याएवढं. बैल न बिचकता चालत गेले.

थोड्या वेळानं दीर डोळे न उघडता म्हणाले, "वैनी, हिसका बसत न्हाई गाडीला."

मी त्यांच्या अंगावरची घोंगडी नीट केली. बोलले असते तर त्या सहीचंच बोलले असते, आणि आजारी माणसाला ते ऐकवायचं नव्हतं.